पाठीचं माप

या, असं जवळ सरका. मागं बसलेल्याला गोष्ट नेहमी अर्धीच पोचते, हे मी जन्मभर कीर्तनं ऐकून सांगतो. कीर्तनकार आधी देवाचं नाव घेतो, मग अभंग लावतो, मग सावकाश दृष्टान्ताकडं वळतो. मी कीर्तनकार नाही, लेडीज टेलर आहे. मला एकदम दृष्टान्तालाच येऊ द्या. गोष्ट एका चिठ्ठीची आहे. वहीच्या पानाचा एवढासा तुकडा, त्यावर सात आकडे. त्या सात आकड्यांनी मला आठ दिवस माझ्याच दुकानात परका करून ठेवलं आणि नवव्या दिवशी परत घरात घेतलं. ज्याची कृपा त्याला ठाऊक. मी नुसता सांगणारा.

श्रावणातला शनिवार होता. जालन्याच्या मस्तगडातलं माझं दुकान पुढं आणि आमच्या दोन खोल्या मागं, मधे एक पडदा. शटर वर केलं होतं, उदबत्ती लावली होती, मशीनला तेलाचे दोन थेंब सोडत होतो, तेवढ्यात शीतल पडद्यातून आली. हातात हिरवट कॉटनची घडी. ती कटिंगच्या टेबलावर ठेवली, वर चिठ्ठी ठेवली, आणि पंख्यानं उडू नये म्हणून चिठ्ठीवर माझीच मोठी कात्री आडवी ठेवली. "पप्पा, ह्या मापानं शिवा. मी घेतलंय," म्हणाली आणि आत गेली. आवाजात राग नव्हता, लाजही नव्हती. गिऱ्हाईक बोलतं तसं बोलली. मी चिठ्ठी उघडली. उंची, खांदा, छाती, कंबर, सीट, बाही, मोहरी. ताठ अक्षर, प्रत्येक आकड्यावर इंचाच्या दोन रेघा नीट मारलेल्या. माझा हात आपोआप गळ्यातल्या टेपकडं गेला, आणि खरं सांगतो, तो टेप मला गार लागला. वीस वर्षं तो माझ्या गळ्यात आहे, माझ्या अंगाचा घाम त्याला ओळखतो, आणि त्या क्षणाला तो दुसऱ्याच कुणाच्या गळ्यातून काढून माझ्या गळ्यात घातल्यासारखा झाला. पाय मशीनच्या पायट्यावर होता, मशीन रिकामंच चालत होतं, सुईखाली कापड नव्हतं. मला ते कितीतरी वेळानं कळलं.

असं काय झालं होतं, म्हणाल. काहीच नाही. सोळा वर्षांच्या पोरीनं आपलं माप आपण घेतलं. पण तिचं पहिलं माप मी घेतलं तेव्हा ती दीड वर्षाची होती, ह्याच टेबलावर उभी होती, आणि काखेत टेप लागला की खिदळून खाली बसायची. कुणाच्या तरी पिवळ्या ब्लाउजच्या उरलेल्या तुकड्याचं झबलं शिवलं होतं. तेव्हापासून दर दिवाळीला मी तिचं माप घेत आलो. माझ्या मापवहीत एका गिऱ्हाइकाला एक पान असतं; शीतलची पानं वाढत गेली, चार झाली, पाच झाली, आणि ती पानं उलटली की पोर खालून वर येताना दिसायची, विहिरीत पाणी चढावं तशी. उंची अठरा, उंची बावीस, उंची सव्वीस. दुसरा एखादा बाप फोटो बघतो, मी आकडे बघायचो. आणि दर वेळी शिलाईच्या आत दोन्ही बाजूंना दोन-दोन इंच कापड दाबून ठेवायचो. आम्ही त्याला मार्जिन म्हणतो. पोर वाढती आहे, पुढच्या वर्षी उसवून सैल करता येईल, हा हिशेब. सगळ्या आया तेच सांगतात, मास्तर मार्जिन सोडा. मला सांगावं लागत नसे.

आणि मापाच्या पलीकडं आमचं दुसरं एक होतं, ते म्हणजे कीर्तन. बायको सगुणा देवभोळी आहे पण तिला गर्दी सोसत नाही. कीर्तनाला माझ्यासोबत यायची ती शीतल. माझ्या मांडीवर बसायची, टाळकऱ्यांच्या पायांच्या ठेक्यावर माझ्या गुडघ्यावर बोटं आपटायची, आणि पखवाज रंगात आला की नेमकी झोपायची, तोंड उघडं टाकून. एवढ्या गजरात लेकरू झोपतं म्हणजे त्याला आपली किती खात्री, असं वाटून माझा ऊर भरून यायचा. कीर्तन संपलं की लहान-थोर सगळे एकमेकांच्या पाया पडतात, तुम्हाला माहीतच आहे. मी वाकून तिच्या पायाला हात लावला की ती पाय ओढून घ्यायची, गुदगुल्या होतात म्हणायची. नववीत गेली आणि म्हणाली, "तुम्ही जा पप्पा, माझा अभ्यास हाय." खरंच अभ्यास होता. दहावीला पोरीनं चांगले मार्क काढले, संभाजीनगरच्या पॉलिटेक्निकला सिव्हिलला नंबर लागला, होस्टेलही मिळालं. "तिथंबी मापंच घ्यायची असतात," ती हसून म्हणाली होती, "तुम्ही माणसाची घेता, मी जमिनीची घेईन." मी हसलो. आणि होस्टेलचा फॉर्म, ज्यावर पालकाची सही लागते, तो मी हुकांच्या डब्याखाली खणात ठेवून दिला आणि म्हणालो, बघू.

त्या 'बघू'ला पंधरा दिवस झाले होते. चिठ्ठीनंतरच्या दुसऱ्या मंगळवारपर्यंत फॉर्म भरून हजर व्हायचं होतं, नाहीतर जागा दुसऱ्याला. सगुणानं दोनदा विचारलं. तिसऱ्यांदा ती भाकरी थापताना म्हणाली, "अहो, आई-बापापैकी कुणाचीबी एक सही चालती. मी करून टाकली असती कव्हाच. पण ती म्हणती, पप्पांचीच पाहिजे." मी पुढची भाकरी न मागता उठलो. बरं वाटलं की वाईट, ते मला सांगता येणार नाही. छातीत कुणीतरी टाचणी लावून ठेवावी, श्वास घेतला की टोचावी, तसं होतं. साठ किलोमीटर काही लांब नाही; तासा-दीड तासात बस पोचते. पण साठ किलोमीटर टेपनं मोजायला गेलं तर, असले खुळे विचार मला शिवता शिवता यायचे, आणि टीप वाकडी जायची.

तर त्या हिरव्या कापडाचं. तो ड्रेस तिला होस्टेलला जाताना घालायचा होता, एवढं सगुणानं सांगितलं होतं. मी सोमवारी कापड टेबलावर पसरलं आणि चिठ्ठी बाजूला सारली. स्वतःला म्हणालो, लेकराला काय कळतं माप, टेप कुठं ढिला धरला असेल, कुठं ताणला असेल. शहरातल्या बाया माझ्या नजरेची तारीफ करतात. बाई पायरी चढून वर येईपर्यंत मला तिचा खांदा कळतो. मग स्वतःच्या लेकीचा कळणार नाही का? मी मापवही काढली, गेल्या दिवाळीचे आकडे घेतले, मला वाटलं तेवढं वाढवलं, उंचीला तीन इंच जास्त धरले, बाही पार मनगटाच्या खाली आणली आणि चारी बाजूंनी दोन-दोन इंच मार्जिन. कात्री कापडात शिरली, तो करकर आवाज मला आवडतो, त्या दिवशी आवडला नाही. माणसाला चूक करताना कळत नाही म्हणतात. मला बराबर कळून राह्यलं होतं. चिठ्ठी मी खणात टाकली, फॉर्मच्या वर.

मंगळवारी तिनं विचारलं, "झाला का ड्रेस?"

"तुरपाई राहिली थोडी," मी म्हणालो. ड्रेस तयार होता, कपाटात टांगलेला होता. पण ती घालून बघणार, ह्याची मला धास्ती वाटत होती, आणि घालून बघितला की जाणार, ह्याची त्याहून जास्त.

बुधवारी पुन्हा. "आता?"

"पिको राहिला. मशीनवाला आला न्हाई."

कोपऱ्यात झुंबरबाई हूक लावत बसली होती. बारा वर्षं ती माझ्याकडं तुरपाई आणि हुकाचं काम करत होती. ती दोरा न तोडताच हसली. "मास्तर, लेकीलाबी तीच थाप का? निदान तिला तरी नवी मारायची."

शीतल हसली नाही. "मला गिऱ्हाईक समजून राह्यले का पप्पा तुम्ही?" मग खाली बघत, "गिऱ्हाईकच समजा. गिऱ्हाइकाला तुम्ही विचारता तरी."

गुरुवारी काढून दिला. ती आत गेली, घालून आली, पडद्यापाशी उभी राहिली. बाह्यांतून तिची बोटं दिसत नव्हती. खांद्याची शिवण दंडावर आली होती, घेर गुडघ्याखाली लोंबत होता. दोन पोरी मावल्या असत्या. मला वाटलं ती रडेल किंवा ओरडेल, आणि मी तयार होतो दोन्हीला. तिनं बाह्या वर सारल्या, त्या पुन्हा खाली आल्या. म्हणाली, "पप्पा, मी लहानपणापासून पुढच्या वर्षीचे कपडे घालून राह्यले. पुढचं वर्ष आलं की तुम्ही त्याच्याबी पुढचे शिवता. ह्या वर्षीचा एक ड्रेस मी आजवर घातला न्हाई." ह्याच्यावर एखाद्या शहाण्या माणसानं गप्प बसावं. मी काय म्हणालो? "सैलच बरं. तिथं कोण बसलंय तुला नटलेली बघायला." शब्द तोंडातून गेले आणि मी त्यांच्याकडं बघत राहिलो, पायरीवरून घरंगळत जाणाऱ्या रिळाकडं बघावं तसा, दोरा सुटत जातो आणि हात पोचत नाही. माझी पोर नटायला जात नव्हती. शिकायला जात होती. हे मला तिच्याइतकंच ठाऊक होतं. सगुणा आतून आली, तिनं माझ्याकडं एकदाच बघितलं. शीतलनं ड्रेस काढला, घडी केली, टेबलावर ठेवला. घडी अगदी नीट. मीच शिकवलेली.

नंतरचे दोन दिवस कसे गेले ते कसं सांगू. घरात भांडण नव्हतं. ती वेळेवर उठायची, पाणी भरायची, ताट वाढायची. "जेवायला चला." "बाहेर माणूस आलंय." "गॅस संपत आला." सगळी वाक्यं बराबर होती, फक्त त्यांच्यातून एक शब्द गळाला होता. पप्पा. आधी तो दिवसातनं किती वेळा यायचा ते मला माहीत नव्हतं. गेला तेव्हा प्रत्येक वाक्याला त्याची जागा रिकामी ऐकू यायला लागली. टीप मारताना एखादा टाका सुटतो ना, मशीनचा आवाज तोच असतो पण खाली दोरा धरलेला नसतो. मी बॉबीन काढून बघायचो. भरलेली असायची. मला वाटायला लागलं, ती अजून गेलेली नाही आणि गेलेलीच आहे; मी फॉर्म अडवून ठेवलाय तो कुणाचा? जी खणाबाहेर केव्हाच पडली तिचा. आणि मग भीती वाटायची ती वेगळीच, की आता सही केली तरी उशीर झालेला असेल, ती जाईल आणि अशीच जाईल, तो एक शब्द वगळून, आणि दिवाळीला येईल तेव्हाही "जेवायला चला" म्हणेल.

शनिवारी दुपारी प्रेमबाई आल्या, मारवाडी गल्लीतल्या, जुनं गिऱ्हाईक, सोबत त्यांची रुचि. रुचि शीतलच्याच वर्गातली. "मास्टरजी, राखीला घालायचा हाय, जल्दी पाहिजे. अन् थोडा खुल्ला ठेवा, पोरगी वाढून राह्यली." रुचिनं आईकडं बघून डोळे फिरवले. माझ्या दुकानाची एक रीत आहे. माप बाईच घेते, तेव्हा झुंबरबाई घ्यायची. मी पाठ फिरवून भिंतीकडं तोंड करून उभा राहतो, समोर कॅलेंडर असतं, हातात वही असते, ती आकडा सांगते आणि मी लिहितो. ज्या उस्तादाकडं मी काम शिकलो त्यांनी पहिल्या दिवशी सांगितलं होतं, बाईच्या अंगाला टेप लागताना टेलरला डोळे नसावेत. त्या रीतीवर माझं दुकान उभं आहे. तर मी पाठ फिरवली, श्रावणाच्या तारखा बघत उभा राहिलो, झुंबरबाईनं आकडे सांगितले, मी लिहिले. त्या दोघी गेल्या.

झुंबरबाईनं टेप गुंडाळला. "मास्तर, एक बोलू का? राग धरू नका."

"बोला."

"ही रुचि केवढी?"

"आपल्या शीतलएवढीच. दोन-चार महिन्यांनी लहान असंल."

"मंग तिच्याकडं पाठ केली तुम्ही. शीतलकडं कव्हा केली?"

मला आधी समजलंच नाही. मी म्हणालो, "ती लेक हाय माझी."

"लेक हाय म्हणून तर तोंडानं न्हाई बोलली. कागदावर लिहून दिलं. तुमचा मान ठिवला पोरीनं." तिनं सुईत दोरा ओवायचा प्रयत्न केला, तिला तेव्हाच नीट दिसेनासं झालं होतं, दोनदा चुकला, तिसऱ्यांदा गेला. मग माझ्याकडं न बघता म्हणाली, "माझी कौसा चौदाची होती मास्तर, लगीन केलं तव्हा. पोलकं तिच्या थोरल्या जावेच्या मापानं शिवून आल्तं. खांद्यावरून घसरायचं. पोरगी मांडवात एका हातानं पोलकं धरून बसली, एका हातानं अक्षदा झेलत. सारे हसले, मीबी हसले. तुला कसं पाहिजे, असं तिला कुणी इचारलंच न्हाई. आता इचारायचं म्हणलं तर ती न्हाई." तिनं दोरा दातानं तोडला आणि पुढचा हूक घेतला.

बारा वर्षं ही बाई माझ्या दुकानात बसत होती, आणि तिला लेक होती हे मला माहीत नव्हतं. सगळ्या जालन्याच्या बायांना मी अदब दिली. स्वतःच्या घरातल्या दोघींना, एक पडद्याच्या आत, एक कोपऱ्यात, मी कधी गिऱ्हाइकाइतकंही विचारलं नव्हतं.

रविवारी वडीगोद्रीला सप्ताहाचं काल्याचं कीर्तन होतं. तो माझा गाव. काला मी चुकवत नाही. पहाटे निघालो तेव्हा शीतल जागी होती. तिनं डबा पुढं केला. मी चल म्हणालो नाही, ती येते म्हणाली नाही. हायवेला उतरलो, मांडवात जाऊन बसलो, आणि बसताना सवयीनं उजवीकडं एका माणसाची जागा सोडली. राजानंद महाराज कीर्तनाला उभे होते. कीर्तन रंगात आलं आणि महाराजांनी उखळाची कथा लावली, देवाला बांधायला निघालेल्या आईची. ती कथा मी शंभर वेळा ऐकली असेल. महाराज म्हणाले, "माय-बापहो, दोरी कमी पडली. घरातली दुसरी आणली, तिला जोडली, तरी कमी. शेजारणीची आणली, गोठ्यातली दावी आणली, कासरे आणले. गावात दोरी उरली न्हाई. अन् दर बारीला कमी किती पडायची? दोन बोटं. फक्त दोन बोटं." महाराजांनी दोन बोटं वर केली. टाळ थांबले होते. "आईला घाम फुटला, अंबाडा सुटला, ती खाली बसली. तव्हा त्या लेकरानं आईकडं बघितलं. अन् काय केलं? पोट आत ओढून घेतलं म्हणा. गाठ बसली. आता मला सांगा, बांधलं कुणी?"

लोक हसले, मग टाळ वाजले. मला हसू आलं नाही आणि टाळी वाजवायचं भान राहिलं नाही. टेप लावला की पोट आत ओढणारी माणसं मी रोज बघतो. पण आजवर ती कथा ऐकताना मी कायम आईच्या बाजूनं दोरी ओढत आलो होतो. हातातल्या दोरीची लांबी बघत होतो. तिकडं ज्याला बांधायचं तोही श्वास घेतोय, त्यालाही वाटलं तरच गाठ बसते, हे माझ्या डोक्यात शिरलं नव्हतं. सोळा वर्षं ती पोर माझ्या मापात मावत आली, ती माझ्या कसबानं नव्हे. तिनं आत ओढून घेतलं म्हणून. लांब बाह्यांत बोटं लपवून शाळेत गेली, हसणाऱ्या मैत्रिणींना काय सांगितलं असेल देव जाणे, मला कधी सांगितलं नाही. सहीसाठी आई असताना माझी वाट बघत राहिली. माझे डोळे वाहायला लागले आणि मी पुसले नाहीत. लोकांना वाटलं असेल काल्याचं प्रेम. होतंच ते. मी मनात म्हणालो, देवा, तू मला काय काय देऊन ठेवलंस आणि मी दोन बोटं कमी पडतात म्हणून रडत बसलो. हंडी फुटली, दही-लाह्या हातावर आल्या, मी त्या आधी कपाळाला लावल्या, मग खाल्ल्या, आणि मिळेल ती बस धरून जालन्याला आलो.

दुकान रविवारी बंद असतं. अर्धं शटर उघडून मी खण ओढला. फॉर्मवर सही केली, पूर्ण नाव, कचरू सोमेश्वर घुले, एकही अक्षर आखडतं न घेता. मग चिठ्ठी समोर ठेवून ड्रेस उसवायला घेतला. सैल शिवलेलं आवळता येतं, एवढी देवाची दया आमच्या धंद्यावर आहे. एकेक आकडा मी कापडावर घेत गेलो आणि मला माझीच लाज वाटत गेली, कारण आकडे बरोबर होते. उंची बरोबर, बाही बरोबर. फक्त खांद्यापाशी खडू थांबला. तिनं चौदा लिहिलं होतं. वही न उघडताच माझी नजर सांगत होती, तेरा. पाठीवरचं माप माणसाला एकट्यानं घेता येत नाही. टेपचं दुसरं टोक आपल्याला दिसतच नाही. मी तेरा धरून कापू शकलो असतो. आठ दिवसांपूर्वी तेच केलं असतं. किंवा तिनं दिलंय तर चौदाच, असं रुसून कापू शकलो असतो, तेही तसलंच. मी खडू खाली ठेवला आणि पडद्यापाशी जाऊन, गिऱ्हाइकाला हाक मारतो त्या आवाजात म्हणालो, "शीतल, खांद्याचा आकडा मला पटंना. परत घ्यावा लागंल. तुझी हरकत नसली तर झुंबरबाईला बोलावून आणतो."

आतून ती म्हणाली, "आणा."

झुंबरबाई पलीकडच्याच गल्लीत राहायची. तिला सुट्टीच्या दिवशी बोलावलं म्हणून ती कुरकुरली, पण चप्पल घालून आली. शीतल बाहेर आली. मी वही घेतली आणि पाठ फिरवली. समोर कॅलेंडर. तो एवढासा वळसा, पण माझ्या टाचांना तो जड गेला. बारशापासून बघत आलो त्या पोरीकडं मी पहिल्यांदा पाठ करत होतो. मागं टेपचा सरसर आवाज. बांगड्यांचा आवाज. मला वाटलं होतं की पाठ फिरवली की ती लांब जाईल. तसं झालं नाही. ती माझ्या पाठीमागं होती, तिचा श्वास मला ऐकू येत होता, आणि मी बघत नव्हतो म्हणूनच की काय, सबंध खोलीत तीच होती.

"पावणेचौदा," झुंबरबाई म्हणाली. "पोरगी तुमच्याहून बराबर हाय मास्तर. तुम्ही किती धरलं होतं?"

"तेरा."

"तेरा ती सातवीत होती तव्हा."

शीतल हसली. कितीतरी दिवसांनी ते हसू माझ्या पाठीवर पडलं. मी लिहीत राहिलो, एकच आकडा, पुन्हा पुन्हा गिरवत. "बरं, मार्जिन बिलकुल ठेवत न्हाई मी," भिंतीकडं तोंड करूनच मी म्हणालो. "आतलं कापड कापून टाकतो. एकदम मापात."

ती म्हणाली, "कापू नका सगळं. अर्धा-अर्धा इंच राहू द्या."

"का?"

"मेसचं जेवण कसं असतंय कुणाला माहीत. फुगले-बिगले तर उसवायला कुठं जाऊ? तिथल्या टेलरकडं?" आणि मग, अगदी साध्या आवाजात, मधे काही झालंच नव्हतं असं, "लिहिलं का पप्पा?"

लिहिलं. अर्धा इंच, दोन्ही बाजूंनी. वहीत तिच्या पानावर तो आकडा आजही आहे, थोडा फुगलेला, कारण कागद ओला झाला होता.

मंगळवारी ती हिरवा ड्रेस घालून गेली. स्टँडपर्यंत येऊ का, विचारलं. म्हणाली, या, पण बसमधे चढू नका. मी चढलो नाही. आता महिना-दोन महिन्यांनी येते, कधी कीर्तनाला चला म्हणते, कधी झोपते दिवसभर. मी विचारतो, ती सांगते. कधी सांगत नाही. माझ्या दुकानात आता कुणी आई पोरीला घेऊन आली आणि खुल्ला ठेवा म्हणाली, की मी आधी पोरीला विचारतो, तुला कसं पाहिजे. बऱ्याच जणी दचकतात. काही नुसत्याच बघत राहतात.

एवढी गोष्ट. आता जाताना माझं एक मागणं आहे. माझ्यासाठी नाही, मला भरून पावलं आहे. झुंबरबाईच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला, तिनं काम सोडलं, ती भोकरदनला पुतण्याकडं राहते; तिची चौकशी मी ठेवतो. मागणं तिच्या लेकीचं आहे. तिला आठवायला आईशिवाय कुणी उरलं नाही. तेव्हा उद्या सकाळी देवापुढं दिवा लावाल, आपल्या लेकराबाळांची नावं घ्याल, त्यात एक नाव माझ्याकडून जास्तीचं घ्या. कौसा म्हणा. चौदा वर्षांची होती.